चर्चासत्राची यादी आणि दिघाशीची सावड

भिवंडीला कोणी फिरायला जात नाही. मीही फिरायला गेले नव्हते. एका अर्जावर सही घ्यायला गेले होते. गुरुवारी जायचं आणि शुक्रवारी दुपारी परत निघायचं, असा बेत होता. परतले रविवारी, चिखलाने माखलेली एक साडी पिशवीत कोंबून. मधल्या दिवसांत जे पाहिलं ते विभागातल्या मैत्रिणींना तुकड्यातुकड्याने सांगून झालं. आता एकदा नीट लिहून काढते.

मी पुण्यात एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात कार्यालय अधीक्षक आहे. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे अर्थशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांच्या चर्चासत्रांची मालिका सुरू होते. कोण, कधी, कोणत्या विषयावर बोलणार, अध्यक्ष कोण, चहा किती आणि जेवायला किती, ही सगळी यादी माझ्याकडे असते. परिपत्रकाचं स्टेन्सिलही मीच कापते. मालिकेचा पहिला दिवस संशोधक विद्यार्थ्यांचा, सकाळी अकरा ते पाच. प्रबंध द्यायच्या आधी प्रत्येकाने या दिवशी एकदा उभं राहून निबंध वाचायचा असा नियम आहे.

यंदा चौथ्या क्रमांकावर करुणाचं नाव होतं. भिवंडीची मुलगी, तिकडच्याच एका कॉलेजात तासांवर शिकवते, दिघाशी गावाजवळच्या आदिवासी पाड्यावरच्या बायकांच्या शेतीकामावर तिचं एम.फिल. चाललेलं. मुदत दोनदा वाढवून झालेली. यंदा ती उभी राहिली नाही तर नोंदणी रद्द होणार होती. आणि तिचं पत्र आलं ते दोन ओळींचं: ‘माझ्या निबंधातला तक्ता खोटा आहे. कृपया माझे नाव यादीतून काढावे.’

आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, “तक्ता खोटा आहे हे तिचं तिला कळलं, हे चांगलंच लक्षण आहे. पण मी यादी अडवून धरू शकत नाही. सोमवारी परिपत्रक गेलं पाहिजे.”

“सोमवारी जाईल,” मी म्हटलं, आणि माझा रजेचा अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

पिशवीत दोन साड्या, पाण्याची बाटली, आल्याच्या वड्या, वही आणि दोन छापील अर्ज घेतले. एक निबंध वाचण्याच्या संमतीचा, एक नाव मागे घेण्याचा. करुणा ज्यावर सही करील तो घेऊन परत यायचं.

गुरुवार, भिवंडी

भिवंडी आधी कानाला भेटते. एस.टी.तून उतरले आणि वाटलं, जवळपास कुठेतरी एखादा मोठा कारखाना आहे. मग गल्लीत शिरल्यावर लक्षात आलं की कारखाना असा एक नाहीच. प्रत्येक पत्र्याखाली चार-आठ-बारा लूम आणि प्रत्येकाची खटखट वेगळी. पुण्यात आमच्या कॉलनीत कोणाचा मिक्सर जरा जास्त वेळ चालला तर खाली चिठ्ठी लागते. इथे माणसं त्या आवाजात झोपतात, अभ्यास करतात, पोरं निजवतात. कापसाची बारीक रुई हवेत तरंगत होती आणि विजेच्या तारांवर, खिडक्यांच्या गजांवर पांढरी लव जमली होती.

पत्ता विचारायला एका चहाच्या दुकानात थांबले. गल्ल्यावरच्या दाढीवाल्या चाचांनी मला आधी बसवलं, मग चहा दिला, मग पत्ता वाचला. “लूम के पीछेवाली गली, बाजी. दवाखानेवाले काशिनाथभाई का घर ना? बेटी कॉलेज में पढ़ाती है.” मी कानावर हात ठेवलेला बघून ते हसले. “आज सुन लो. कल जुम्मा है, मशीन बंद. फिर देखना, सन्नाटा काटेगा.”

काशिनाथराव म्हणजे करुणाचे वडील. नगरपालिकेच्या दवाखान्यात कंपाउंडर. दोन खोल्यांचं घर, भिंतीत बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्यासमोर मेणबत्ती. खिडकीपाशी शिलाईचं मशीन. तिथे करुणाची आई, सुमनबाई, कोणाचा तरी ब्लाउज उसवत बसल्या होत्या. मला पाहून करुणा उठली, पदर सारखा केला आणि पहिलं वाक्य बोलली, “शैलाताई, तुम्ही कशाला आलात? मी पत्र टाकलं होतं ना.”

“पत्र मिळालं. सही नाहीये त्यावर.”

हे खरं होतं. घाईत ती सही करायला विसरली होती. ती हसली नाही, पण पाणी आणायला गेली.

जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला ज्वारी-बाजरीची भाकरी हातावर थापतात आणि मोडली की कुडकुड वाजते. ही पांढरी, मऊ, घडी घातली तरी न मोडणारी. मी तीन खाल्ल्या. सुमनबाई म्हणाल्या, “पुण्याची मान्सं लाजत्यात असं ऐकलं व्हतं.”

“मी मूळची साताऱ्याची,” मी सांगितलं. “पुणं नोकरीपुरतं.”

जेवणं झाल्यावर करुणाने तिचा तक्ता काढला. पाड्यावरच्या बेचाळीस घरांतल्या बायका, भाताच्या आवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत कोणत्या दिवशी काय काम केलं, त्याच्या खुणा. रकाने चार: मजुरी, स्वतःचे शेत, बिनमोबदला, काम नाही. तिसऱ्या रकान्यात सगळ्यात जास्त खुणा. बायका रोज दुसऱ्याच्या खाचरात आवणी लावायला गेलेल्या आणि हातात काही मिळालेलं नाही. त्यावरून करुणाने निबंधात लिहिलं होतं की या भागात वेठ अजून चालू आहे, तीही आदिवासी बायकांकडून आदिवासीच करवून घेतात. सरांना हा भाग फार आवडला होता.

“दिवाळीत मी निबंध घेऊन पाड्यावर गेले,” करुणा सांगत होती. “पुण्यात वाचायच्या आधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ऐकवावं म्हणून. तिसऱ्या रकान्याशी आले आणि बुधी आजी उठून गेली. सगळ्यात जास्त तिनेच सांगितलं होतं मला. तीन दिवस माझ्याशी बोलत बसली होती. ती उठली तशा बाकीच्या बायका पण उठल्या. मी एकटीच राहिले, ताई. हातात कागद.”

“काही बोलली नाही?”

“एवढंच म्हणाली, फुकट म्हंतेस व्हय आमाला.”

मग कोणीतरी तिला समजावून सांगितलं, ती सावड होती. आज मी तुझ्या खाचरात दिवसभर राबले, उद्या तू माझ्या. पैसे नाहीत, धान्य नाही. दिवसाला दिवस.

आमच्या आजोळी यालाच पैरा म्हणतात. मी लहानपणी पैऱ्याच्या बायकांना पाणी नेऊन दिलं आहे. आणि करुणाची प्रश्नावली मीच टाइप केली होती. तिच्या कच्च्या कागदात पाचवा रकाना होता, ‘इतर’. फूलस्केपवर तो बसेना. दुसरं स्टेन्सिल लागलं असतं. मी फोन करून तिला म्हटलं होतं, “चार पुरे. इतर मध्ये कोणी काही लिहीत नाही.”

ते मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं. करुणा म्हणाली, “पण बिनमोबदलावर खूण मीच केली ना. मला तेच दिसलं.”

दाराशी बसून अडकित्त्याने सुपारी कातरणारे काशिनाथराव आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, “बरोबरच दिसलं तिला. दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि हात हलवत घरी यायचं, त्याला वेठच म्हणतात. माझी आय जन्मभर तेच करत आली. दिघाशीच्या पलीकडचंच आमचं गाव. कोणाचंही बोलावणं आलं की जायची. आमच्याकडे कोण आला परत? एक माणूस न्हाय.” मग सुपारी पुढे केली. “घ्या, मॅडम. पोरीने जे लिवलंय ते वाचू द्या तिला.”

“बाबा, ते खोटं आहे,” करुणा म्हणाली.

“तुझ्या आजीपुरतं खरं हाय.”

मी वहीत दुसऱ्या दिवसासाठी लिहिलं: १. दिघाशी. २. बुधी आजी. परतीची एस.टी. खोडली.

शुक्रवार, दिघाशी

चाचांचं खरं होतं. सकाळी उठले ती शांततेने. लूम बंद, गल्लीत माणसं अंघोळी करून पांढऱ्या कपड्यांत बोलत उभी, आणि सगळी सवयीने ओरडूनच बोलत होती.

वाड्याच्या रस्त्याला लागणारी एस.टी. धरली. अंबाडी नाक्याला उतरून करुणा आणि मी चालत निघालो. सागाची पानं सुपाएवढी, काही वाळून रस्त्यावर पडलेली. पायाखाली आली की पापड मोडल्यासारखा आवाज. लवकर पिकणारं हळवं भात केव्हाच कापून झालं होतं, उशिरा पिकणारं गरवं उभं होतं. पिवळ्या खाचरांच्या मधून बांधावरून चालताना मला दोनदा तोल सांभाळावा लागला. देशावरचं शेत सपाट, बांध म्हणजे हद्द. इथे बांध हाच रस्ता. करुणा पुढे भरभर चालत होती, आणि पाड्याशी आल्यावर एकदम हळू झाली.

बुधी आजी कुडाच्या भिंतीला टेकून विळ्याला धार लावत होती. साठीची असेल, सत्तरीचीही असेल. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. करुणाकडे तिने बघितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “ही कोन?”

“पुण्याहून आल्यात. आमच्या हापिसातल्या ताई.”

“कागुद करनारी?”

“हो, मीच,” मी म्हटलं. “चार रकाने केले मी. पाचवा पाहिजे होता. चूक माझीसुद्धा आहे.”

आजीला रकाना म्हणजे काय ते कळलं असेल की नाही, ठाऊक नाही. पण चूक म्हटल्यावर तिने विळा खाली ठेवला. घरात गेली आणि घडी न मोडलेलं एक हिरवं लुगडं घेऊन आली. ते करुणाच्या मांडीवर ठेवलं.

“हे घेऊन जा तुजं.”

“आजी, मी प्रेमाने दिलं होतं.”

“प्रेमानं दिलंस? मी तीन दिस तुज्याशी बोलत बसले. आवनी सोडून बसले, पोरी. सून बोलली मला. मी म्हनलं, येल ती, तिचं पन तीन दिस येतील. शिकलेली हाय, भाताला न्हाय आली तर कशाला तरी येल. तू लुगडं देऊन ग्येलीस. हिशोब झाला, आता तुजा-माजा संबंद न्हाय, असंच ना? मी काय मजुरीला बसले व्हते तुज्याकडं?”

करुणाचे डोळे भरले. मला मात्र एकदम हलकं वाटलं. माझ्या कामाची सवय अशी की गुंता कळला की अर्धं काम झालं. म्हणजे आजी रागावली होती ती नुसती कागदावरच्या शब्दावर नाही. करुणाने तिचे तीन दिवस घेतले होते आणि परत दिले नव्हते. वर, ते फेडून टाकल्यासारखं दाखवलं होतं.

“आजी,” मी विचारलं, “तुमचं भात कापून झालं का?”

“गरवं उभं हाय. पोरगा नि सून परवाच भट्टीवर ग्येली. मुकादम थांबत न्हाय. पाड्यावरची निम्मी घरं भट्टीवर. ज्या राहिल्यात त्यांचं त्यांचं कापायचं हाय.”

विटांच्या भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पाडे रिकामे होतात, हे करुणाच्या निबंधात होतं. ते मी टाइपही केलं होतं. पण अशा एका खाचरासमोर उभं राहून ते कळणं वेगळं.

“तीन दिवस देणं आहे,” मी म्हटलं. “करुणाला सोमवारी कॉलेज, मला ऑफिस. पण तीन माणसं एक दिवस आली तर?”

आजीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. पायात बंदाच्या चपला, हातात घड्याळ.

“तिसरं कोन?”

“माझी आई,” करुणा म्हणाली.

“आनि दुसरी ही?” आजी पहिल्यांदा हसली. “हिचा अर्दाच दिस धरीन मी.”

घरी आल्यावर सुमनबाई लगेच तयार झाल्या. माहेरी त्यांनी भात कापलेलं होतं. काशिनाथरावांनी मात्र पायातला मोजा काढता काढता ऐकलं आणि म्हणाले, “न्हाय.”

“अहो, एका दिवसाचं काम.”

“एका दिवसाचं का असंना. मी चौदाव्या वर्षी शेतातनं उठलो तो परत वाकायचं न्हाय म्हणून. हिला एम.ए. केलं ते काय दुसऱ्याच्या खाचरात वाकायला? तू न्हाय जायचंस, सुमन. पोरगी मोठी हाय, तिला मी सांगणार न्हाय.”

ते आवाज न चढवता बोलले, त्यामुळे त्यावर वाद घालता आला नाही. सुमनबाईंनी मशीनवरचं कापड उचललं. मी वहीत तीनचा आकडा खोडून दोन लिहिला, आणि ‘दोन’ पुढे माझा अर्धा धरून दीड.

शनिवार, खाचरात

सकाळी सात वाजता आम्ही खाचरात होतो. दवाने साडी गुडघ्यापर्यंत भिजली. आजीने विळे दिले आणि पुढे लागली. डाव्या हातात मूठभर रोपं धरायची, विळा मुळाशी टेकवून ओढायचा, मूठ बाजूला आडवी ठेवायची. बघताना असं वाटतं की यात काही नाही. अर्ध्या तासाने माझी कंबर धरली. करुणाची ओळ वाकडी जात होती. आजी आमच्यापेक्षा तीन हात पुढे, आणि मधूनमधून मागे वळून बघे ती आमच्या कामाकडे नाही, आम्ही अजून आहोत ना त्याकडे.

नऊच्या सुमाराला मी बांधावरून पाण्याची बाटली घ्यायला गेले आणि बसूनच खाली आले. खालच्या खाचरात अजून ओल होती. शहाण्यासारखी जुनी साडी नेसून आले होते, तिचं सोनं झालं.

“लागलं का, बाय?” आजी म्हणाली.

“नाही.”

“मंग ऊठ. अर्द्या दिसातला पाव ग्येला तुजा.”

करुणा हसून हसून विळा टेकून उभी राहिली. दिवाळीपासून घरात कोणी तिचं हसू ऐकलं नव्हतं, असं तिच्या आईने मला रात्री घरी सांगितलं.

दहा वाजता बांधाच्या टोकाला एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, हातात जेवणाचा डबा. काशिनाथराव. डबा झाडाखाली ठेवून ते तिथेच उभे राहिले. करुणाने त्यांना पाहिलं आणि पुन्हा वाकली. मूठ धरली, विळा ओढला. रोपं अर्धी कापली, अर्धी उपटली.

“असं न्हाय,” ते बांधावरून म्हणाले.

तिने पुन्हा केलं. पुन्हा मुळासकट माती आली.

“अगं, मनगट फिरव. खांद्यानं ओढतीस.” मग त्यांनी शर्टच्या बाह्या दुमडल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि खाली उतरले. तिच्या हातातला विळा घेतला. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी. सरळ ओळ, एका उंचीची धसकटं. करुणा नुसती बघत राहिली. आपल्या वडिलांना हे येतं, हे तिने ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं.

विळा परत द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आजीने घरातून चौथा आणून करुणाला दिला.

बारा वाजता झाडाखाली जेवायला बसलो. सावडीला जेवण ज्याचं शेत त्याचं, हा नियम. आजीने नाचणीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि खेकड्याचं पातळ कालवण आणलं होतं. सुमनबाईंचा डबाही उघडला. आजीने त्यातली भाजी चाखली आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. मी खेकडा कसा फोडायचा ते बघत होते तेव्हा आजी काशिनाथरावांना म्हणाली, “तुजा हात शिकलेल्याचा न्हाय. कोनाचा तू?”

त्यांनी गावाचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं.

“आय कोन?”

“भागी.”

आजीचा हात भाकरीवर थांबला. “उंच? डाव्या हाताची?”

“डाव्या हाताने कापायची,” काशिनाथराव म्हणाले.

“माजा थोरला झाला तवा मी अंगावर पितं पोर घेऊन निजलेली. आवनी उभी, पानी उतरत चाललेलं. भागी आली. मी बोलावलं न्हवतं. कोनी सांगितलं असंल. दिसभर लावून दिली नि संध्याकाळी घरी ग्येली.” आजीने बोटाने जमिनीवर एक रेघ ओढली. “तिचा दिस हाय माज्यावर. एवढी वरसं हाय. तिला शेतच न्हवतं, बाबा. जाऊ कुठं मी फेडायला?”

काशिनाथरावांनी घास खाली ठेवला. “आमच्याकडे कोनीच येत नव्हतं,” ते हळूच म्हणाले. परवा ‘कोणाचंही’ म्हणणारा माणूस आता ‘कोनी’ म्हणाला.

“येनार कुठं? तुमी लोक गावाच्या भायेर, शेत न्हाय. मी एकदा ग्येले व्हते. तुमच्या दाराशी उभी राहिले. काय करू समजंना. परत आले.”

“आणि मोठ्या शेतावर?” करुणाने विचारलं. तिने वही काढली नव्हती. मी लक्ष ठेवून होते. “गावातल्या मोठ्या शेतावर जाता तुम्ही, ते येतात का तुमच्याकडे?”

“ते कशाला येतील? तिथं आमी जातो, ते येत न्हाईत. ती सावड न्हाय. ते जानं येगळं.”

करुणा माझ्याकडे वळली. “ताई, पाचवा रकाना ‘इतर’ नको होता.”

“मग?”

“परत कोण आलं.”

दुपारी चारपर्यंत भात आडवं झालं. आजीने दिवसांचा हिशोब तोंडी केला. करुणाचा एक. माझा अर्धा, तोही पडले ते सोडून देऊन. काशिनाथरावांचा दीड, कारण त्यांनी दोघांचं कापलं. “फिटलं तुजं,” ती करुणाला म्हणाली. लुगडं तिने परत घेतलं. आता ते घेण्यात काही अडचण नव्हती. उतरत्या उन्हात आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, “उद्या अंग धरंल. अकलोलीला जा, कुंडात पाय सोडून बसा.”

रविवार, अकलोली

अंग धरलंच. अकलोली तिथून फार लांब नाही. दगडी कुंडांतून वाफ निघते, गंधकाचा वास येतो, आणि सकाळच्या थंडीत माणसं रांगेने पाय सोडून बसलेली असतात. मी आणि सुमनबाई एका कडेला, करुणा पायरीवर. काशिनाथराव थोडे लांब, पाण्यात पाय, डोळे मिटलेले. पाणी इतकं गरम की आधी टाच, मग घोटा, मग हळूहळू पोटरी. देवदर्शन करून येणाऱ्या बायका आमच्या काळवंडलेल्या, चिरलेल्या बोटांकडे बघत होत्या.

मी दोन्ही अर्ज करुणापुढे ठेवले.

“चर्चासत्राला महिना आहे,” मी म्हटलं. “पाच रकान्यांचं स्टेन्सिल मी मंगळवारी पाठवते. दोन पानं लागली तर दोन.”

“निम्मी घरं भट्टीवर गेलीत, ताई. बेचाळीसच्या बेचाळीस मिळणार नाहीत. तक्ता अपुरा राहील.”

“अपुरा वाचायचा. तसं सांगून वाचायचा.”

“सरांना वेठेचा भाग आवडला होता.”

“मोठ्या शेताच्या ओळींत तो आहेच की. जिथे आहे तिथे ठेव.”

ती पेन उघडून बसली, पण सही करेना. तिची नजर वडिलांकडे होती. मला समजलं, निबंध बदलला की ज्या घरातून तो आला होता त्या घराचं, तिच्या वडिलांचं, म्हणणं त्यातून वगळल्यासारखं होणार होतं. त्या घरासाठी कुठलाच रकाना नव्हता. फेडायला परत यायची आजीची इच्छा होती, पण भागीला शेतच नसल्यामुळे यायला जागा नव्हती, हे कुठे लिहायचं?

तेवढ्यात पायऱ्यांवरून बुधी आजी येताना दिसली. हिरवं लुगडं नेसून. ती सरळ काशिनाथरावांपाशी गेली आणि त्यांच्या शेजारी पाण्यात पाय सोडून बसली.

“झोप न्हाय लागली,” ती म्हणाली. “आता तरी शेत घेतलंस का न्हाय?”

“न्हाय.”

“घर बांधायचं? कूड घालायचाय?”

“पक्कं हाय घर.”

“मंग भागीचा दिस देऊ कुठं?”

काशिनाथराव तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवली आणि हनुवटीने करुणाकडे खूण केली. “तिची नात हाय ती. पुण्याला बोलायची हाय, लोकांसमोर. तिचं शेत म्हण.”

“बोलायची म्हंजे काय?”

मला सांगावं लागलं. मोठी खोली असते, खुर्च्या असतात, पोरंपोरी पुढे उभी राहून आपण काय शोधलं ते वाचतात, बाकीचे ऐकतात आणि शेवटी विचारतात.

“ऐकनाऱ्यांनी करायचं काय?”

“बसायचं. चुकलं तर सांगायचं.”

“ते येतं मला,” आजी म्हणाली. “किती येळ?”

“सकाळी अकरापासून पाचपर्यंत.”

“मंग पुरा दिस झाला. जेवान तुमचं ना?”

“आमचं. पुरीभाजी असते.”

तिने पुरी ऐकून तोंड असं केलं की मी वहीतल्या जेवणाच्या यादीत पुरी खोडली आणि तांदळाची भाकरी लिहिली. कँटीनवाल्याशी भांडावं लागणार हे तेव्हाच कळलं होतं.

करुणाने संमतीच्या अर्जावर सही केली. दुसरा अर्ज मी दुमडून ठेवला. त्याच वहीत श्रोत्यांची यादी होती; तिला दोन रकाने असतात, नाव आणि कोणातर्फे. बाहेरून येणारे तिथे आपल्या कॉलेजचं किंवा संस्थेचं नाव लिहितात. मी लिहिलं, बुधी, राहणार दिघाशी.

“आजी, कोणातर्फे लिहू?”

“भागीच्या,” ती म्हणाली. “दुसरं कोनाच्या?”

मी लिहायला लागले. काशिनाथराव पाण्यातून उठून ओल्या पायांनी माझ्यामागे येऊन उभे राहिले होते आणि खांद्यावरून वहीत बघत होते.

“भागी नाही,” ते म्हणाले. “भागीरथीबाई लिहा.”